पंखांचा सराटा

सोहारला, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत,
कारखान्याच्या कुंपणाबाहेर जी ओसाड पट्टी आहे
तिथे शुक्रवारी सकाळी साडेसहाला
दोन माणसं पोटावर पडलेली दिसली,
तर अँब्युलन्स बोलावू नका.
एक मी. दुसरा फिलिपोस.

फिलिपोसचा डीएसएलआर.
तो बॅग उघडतो ती ऑपरेशनच्या तयारीनं:
बॉडी, शंभरची मॅक्रो, तिपाई, धूळ उडवायचा फुगा,
वारा अडवायला पुठ्ठा,
आणि देठ धरायला कपड्यांचा चिमटा, लाल.
माझा कॉम्पॅक्ट खिशातला,
बॅटरीचं दार रबरबँडनं मिटलेलं.

आणि मधोमध सराटा.
हो, तोच. अनवाणी पायांचा जुना दावेदार.
वाळूला चिकटून पसरलेला,
फूल पिवळं, अंगठ्याच्या नखाएवढं,
ऊन चढलं की संपलं.

त्याचा कॅमेरा वीतभर लांब थांबतो,
पाहुण्यासारखा.
माझा थेट फुलात नाक खुपसतो
आणि स्वतःचीच सावली पाडून बसतो.
मग मी डब्याचं झाकण तिरकं धरून
ऊन वळवून आणतो, पाटाचं पाणी वळवावं तसं.

दुर मोहम्मद गार्ड येतो सायकलवरून.
मोठ्या कॅमेऱ्याकडे बोट: परवानगी?
फिलिपोस कागद शोधतो, कागद मागच्या वर्षीचा.
माझ्याकडे तो बघतही नाही.
काय काढता, विचारतो.
गवत, मी म्हणतो.
गवत! तो हसतो, आणि जाताना
चाक फुलावरून जाऊ नये म्हणून
सायकल उचलून घेतो.

रात्री दोन्ही फोटो फलटणला जातात, कालिंदीताईला.
तिनं एकतीस वर्षं कॉलेजात बॉटनी शिकवली,
अजून माझ्या शुद्धलेखनावर लाल शाई मारते.

फिलिपोसच्या फोटोत
एकच पुंकेसर, पात्यासारखा धारदार,
बाकी सगळं लोण्यात बुडालेलं.
कुंपण नाही, कारखाना नाही, ओमानही नाही.
माझ्यात सगळंच आहे:
फूल, पानावरची लव, एक घाईतली मुंगी,
मागं तार, तारेवर वाळणारी कुणाची तरी निळी डांगरी,
तिच्याही मागं चिमणी.
मुख्य कोण, ते कुणी ठरवलेलंच नाही.

ताईचं उत्तर: पहिला फ्रेम करून लाव.
दुसरा मोठा करून पाठव, पानं मोजायची आहेत.
आणि फळ कुठंय? फळाशिवाय नाव सांगत नसते मी.

पुढच्या शुक्रवारी फळ.
फिलिपोसनं चौदा फोटो काढले, तेराव्यात श्वास हलला.
मी एक काढला, थोडा वाकडा.
ताईचा फोनच आला, संध्याकाळी, कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवत:
अरे, काटे नाहीत याला. नीट बघ.
पंख आहेत.
हा आपला सराटा नव्हे, त्याचा कुणी चुलता.

मी तळहातावर घेऊन पाहिलं.
खरंच, कडेनं पातळ पापुद्रे,
फुंकर मारली तर निघालं चालायला.
इतकी वर्षं मी त्याला चुकवून पाय टाकत होतो.

मार्चमध्ये फिलिपोस कायमचा गेला कोट्टयमला.
बॉडी विकली, तिपाई विकली.
लेन्सला बुरशी धरलेली, समुद्राची दमट हवा;
घेणाऱ्यानं नको म्हटलं.
ती त्यानं माझ्या टेबलावर ठेवली, लाल चिमट्यासकट.

आता कधी कधी मी ती उलटी धरतो डोळ्याला,
कॅमेऱ्याशिवाय, नुसती काच,
आणि पोटावर पडतो.
परागांचे दाणे दिसतात. केस दिसतात.
कडेला एक फिकट जाळीदार ठिपकाही दिसतो,
नाजूक, फांद्या फुटलेला,
फुलाचा की काचेचा
ते ताईला विचारायचं होतं.
पण फोटो कुठंय?