हद्दकायम

सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या हद्दी मोजल्या.
हिंगणा, कामठी, बुटीबोरीकडची रानं,
डोक्यावर साधा रुमाल नाही.
मे महिन्यात साखळी हाताला चटका द्यायची
तर शिव्या साखळीला.
उन्हाला कशाला? ऊन घरचंच.

मग आतडं बिघडलं.
धंतोलीत डॉक्टर हिवसेंनी कागदावर
गुंडाळलेली नळी काढली, म्हणाले,
तुमचं शरीरच तुमच्या आतड्यावर उठलंय.
म्हणजे कुंपणच शेत खातंय, मी म्हटलं.
ते हसले. मग कुंपण जरा वाकवू.
रोज एक पिवळी गोळी, जेवणानंतर.

रक्त थांबलं. तर्री-पोहे काही परत आले नाहीत,
पण मोजणीच्या गावात शिरताच
आधी संडास शोधणं सुटलं.
ज्याला कळतं त्याला कळतं.

तीन वर्षांनी त्यांनी उन्हाचा विषय काढला.
वाकलेल्या कुंपणावरून ऊनही आत येतं हो.
कातडीचा कर्करोग.
आपल्या रंगाला धोका कमी,
पण शून्य नाही.
आणि गोळी मनानं सोडायची नाही.

शून्याचा आमच्या गावात दगड आहे,
तिथून सगळी अंतरं निघतात.
त्याच्यावरूनच स्कूटर घरी नेली
आणि जन्मात पहिल्यांदा
सिग्नलच्या हिरव्या जाळीखाली
मुद्दाम थांबलो.

आता पूर्ण बाह्या, रुंद टोपी,
नाकावर मलम, कुंदाचा पांढरा दुपट्टा.
शिपाई गेडाम म्हणतो,
काहून साहेब, कोणाच्या लग्नाले निघाले?
सकाळी सातला मोजणी लावतो,
दहाला आवरतो.
अर्जदार कुरकुरतात.

महिन्याच्या पहिल्या रविवारी
कुंदा मला खिडकीशी उघडा बसवते.
स्वतःची पाठ मी कधी पाहिली नाही;
तिचा नकाशा तिच्या वहीत आहे.
डाव्या खांद्याखाली तीळ, मसुराएवढा.
कमरेवर दोन, जुळे.
मानेपाशी एक नवीन, पांढरट, खरखरीत,
पुढे मोठं प्रश्नचिन्ह, मग खोडलेलं:
वाळलेलं भाताचं शीत निघालं.
त्या दिवशी दोघं इतके हसलो
की पोट दुखलं, आणि पोट दुखलं
म्हणून दोघंही घाबरलो.

जमिनीचं मला ठाऊक आहे.
बांध कधी एका रात्रीत सरकत नाही.
दरसाल नांगराचं एक तास पलीकडे,
शेजाऱ्याला वाटतं, होता तिथंच आहे.
म्हणून कागद हवा.
म्हणून जुना कागद नव्याशेजारी ठेवायचा.

आज कानामागे तिचं बोट थांबलं.
हलू नका.
माझीच जुनी पट्टी, गार, कातडीला लागली.
किती? मी विचारलं.
चार मिलिमीटर.
आणि मागच्या वेळी?

कूलरची मोटर घरघरतेय.
ती पानं उलटतेय.