हीट नंबर

शिरोलीत आमच्याकडे दर हीटमागे
एक पट्टी वेगळी ओततात.
ती कुठल्याच मशीनला लागत नाही.
तिचं काम एवढंच : लॅबच्या जबड्यात ताणून तुटायचं
आणि तुटता तुटता सांगायचं
बाकीचा माल किती सोसेल.
सव्वीस वर्षं मी त्या आकड्यांखाली सही केली.

सुकुमारच्या डोक्यातला तुकडा
मेणाच्या वडीत बसून कुरिअरनं मुंबईला गेला,
नखाएवढा.
अठरा दिवस.
तोवर तो कपाला 'किल्ली' म्हणू लागला होता
आणि वहिनी मुकाट्यानं कपच आणून देत होती.

दसरा चौकातल्या दवाखान्यात
डॉक्टर मगदूमांनी कागद माझ्याकडे सरकवला,
बहुधा खिशाला पेन बघून.
आयडीएच : बदल नाही.
बदल नाही म्हणजे बरंच की, मी म्हटलं.
इथं उलटं असतं, ते म्हणाले,
बदललेला असता तर अजून वर्षं बोललो असतो.
'मग आता?' हे वहिनीनं विचारलं नाही.
पिशवीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, गुंडाळली.

खाली दुसरी ओळ. एमजीएमटी : मिथाइलेटेड.
पेशीत म्हणे एक दुरुस्तीवाला असतो,
औषधानं पाडलेली भगदाडं रातोरात बुजवणारा.
याच्या गाठीत तो झोपलेला निघाला.
"झोपू दे," वहिनी म्हणाली,
पाळण्याशेजारी म्हणावं तशी, हळू.

साहेब, आकडा?
त्यांनी सांगितला, आणि लगेच :
निम्मे याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे.
ही भाषा माझीच. गिऱ्हाइकाला मीही असंच सांगत आलो.
फक्त आमची पट्टी तुटते तेव्हा
माल शाबूत उभा असतो, ट्रकमध्ये चढायला.

परतताना तावडे हॉटेलपाशी गाडी अडकली.
पुढं फाउंड्र्यांचा धूर, उसाच्या ट्रॉल्या, हॉर्न.
तीस वर्षं लॅडल धरलेला माझा भाऊ
मागच्या सीटवरून म्हणाला,
"किती?"

महिने? फी? की दुसराच कुठला शब्द शोधताना
हाताला हा लागला?
भट्टीपाशी रोज तो एवढंच विचारायचा,
डोळ्यांवर काळी काच ओढून,
आणि मी मीटर वाचायचो.

"चौदाशे वीस," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली.
"ओत."