सरळ समोर

अकरा हिवाळे आम्ही ते विमान बांधत होतो.
‘आम्ही’ म्हणायचा हक्क मला फारसा नाही.
बांधलं ओरेस्टनं. मी रिव्हेटच्या मागे लोखंडी ठोकळा धरायचो,
पंखाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून.
पलीकडून तो विचारायचा, “आहेस ना?”
“आहे.”
मग तडतड.
दर रिव्हेटला एकदा. नऊ हजार रिव्हेट.
लग्नाच्या बायकोलाही इतक्यांदा कुणी विचारत नाही.

बाहेर उणे तीस. कोठारात रॉकेलचा हीटर,
लेस्यानं पाठवलेले बटाट्याचे पेरोगी,
डबा उघडला की चष्म्यावर वाफ.
पंख कायमचा बंद करायच्या आदल्या रात्री
त्यानं आतल्या पत्र्यावर पेन्सिलनं लिहिलं:
‘आयनार आजही थंडीवरून कुरकुरला.’
खाली तारीख.
म्हणाला, हे आता कुणी वाचणार नाही.

जुलैतला शनिवार. वारा नावालाही नाही.
विंडसॉक दोरीवरच्या मोज्यासारखा लोंबलेला.
आधी तीनदा उडून झालं होतं,
म्हणून लेस्या बाहेर आलीच नाही;
स्वयंपाकघरात चेरीच्या बिया काढत बसली.
मी कुंपणाशी. चाकांनी गवत सोडलं,
खालचा चकचकीत पत्रा माझ्यावरून गेला,
आणि झाडांच्या शेंड्यांवर जरा वर
आवाज तुटला.

मग तो वळला.

को-ऑपच्या कॉफीच्या टेबलावर आता सगळेच वैमानिक.
एवढ्या कमी उंचीवर मागे वळायचं नसतं,
नाक खाली, सरळ समोर, जे असेल त्यात.
त्याला काय माहीत नव्हतं?
याच टेबलावर चमचा वाकडा धरून
त्यानंच पोरांना दाखवलं होतं,
वळणात पंख कसा दगा देतो ते.

सरळ समोर माझं शेत होतं.
एकशे साठ एकर कॅनोला, ऐन फुलात,
डोळ्यांना सहन होणार नाही इतका पिवळा.

विनिपेगहून तपासनीस बाई आली. टेपनं सगळं मोजलं.
इंधनाच्या गाळणीत रबराचा कण निघाला,
कॅनोलाच्या दाण्याएवढा.
मला विचारलं, “त्या शेतात उतरता आलं असतं?”
“उलटला असता कदाचित. पण वाचला असता.”
तिनं लिहून घेतलं.
शेत कुणाचं, ते विचारलं नाही.

एकदा त्याची कालवड माझ्या जवसात शिरली होती.
संध्याकाळी दारात चाळीस डॉलर घेऊन उभा.
पीक उभं असलं की माझ्याकडे यायला
अर्धा मैल वळसा घालायचा, रस्त्याच्या चरातून,
चिखलाचे बूट हातात धरून.

दोन सेकंद असतील, फार तर तीन.
एवढ्यात कुणी दुसऱ्याच्या पिकाचा विचार करत नाही.
हे मी रात्री स्वतःला सांगतो.
लेस्या म्हणते, “घराकडे वळला, बस.
नेहमीच काहीतरी विसरून परत यायचा.”

हिवाळा लागता लागता
तो पत्र्याचा तुकडा तिला परत मिळाला.
तिनं मला आणून दिला.
माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलंय.

सप्टेंबरात मी शेत कापलं. सगळं.
त्याच्यासाठी पट्टा-बिट्टा काही सोडला नाही;
भाव बरा होता.
फक्त त्याच्या धावपट्टीच्या रेषेत आलो
तेव्हा कंबाइन थांबवलं, उतरलो,
आणि पावलं मोजली.
चारशे बारा. एक दगड नाही, एक खड्डा नाही.
तिथल्या तिथे मी मोठ्यानं म्हणालो,
अरे मूर्खा, तुडवायचं ना.