चाळीस टन

सदलग्याच्या काट्यावर बसून मी
तीन हंगाम पाचट मोजतोय.
कागदावर रोज चाळीस टन.
बॉयलरला कागद वाचता येत नाही.

जिन्नाप्पा म्हणाला, नाळे.
नाळे म्हणजे उद्या नव्हे, कधीतरी.
भरमूनं रात्रीच काडी लावली,
खोडवा लवकर फुटावा म्हणून.
चंद्राक्काच्या म्हशी उरलेल्यावर बसल्यात,
त्यांना कोण उठवणार?

प्लांटवरून फोन: किती?
येतंय, म्हणतो मी.

आली एकच ट्रॉली, दवानं जड.
ओलावा तपासायची सळई खुपसली:
निम्मं पाणीच.
पाण्याचेही पैसे धरा, ड्रायव्हर म्हणाला,
दूधगंगेचं आहे.

हसलो. पावती फाडली.
धुराड्यातून धूर नाही.
पलीकडं भरमूच्या रानातून मात्र
अजून येतोय,
फुकट.