पाठ

जूनमध्येही काठाला बर्फ होता, मळकट,
धुवायला टाकून विसरलेल्या चादरीसारखा.
वेंडेलिन, माझा बाप, पुढे.
मी मागे, थर्मास घेऊन.

एकतीस वर्षं ह्याच वाटेनं त्यानं
खिंडीतल्या लाकडी घरात सामान चढवलं:
पिठाची पोती, कोबी, गॅसची टाकी, बिअरची पिंपं,
एकदा तर बिडाची अख्खी चूल,
आणि एकदा, उतरताना,
पाय मोडलेला ब्रनोचा एक मास्तर,
जो सगळी वाट माफी मागत होता.

वाट त्याला पाठ.
खरं तर पाठीलाच पाठ.
हा दगड डुगडुगतो, तो सांगतो, पाय टाकायच्या आधीच.
इथं डावा. इथं श्वास.
इथं त्या हिवाळ्यात दुशान घसरला.
इथं आम्ही बोलत नाही.

मग खुरट्या पाइनची झुडपं संपली
आणि तळं आलं.
लहानसं. आमच्या चर्चपुढच्या चौकाएवढं.
पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे
ओले वाटत नव्हते.
खाली गावात म्हणतात, ह्याला आतून समुद्र जोडलाय,
वादळात बुडाल्या जहाजाच्या फळ्या इथं वर येतात.
"आल्या असत्या तर मलाच वर न्याव्या लागल्या असत्या,"
बाप एरवी म्हणायचा.

आज काही म्हणाला नाही. उभा राहिला.
कुठंतरी मार्मोटनं शीळ घातली.
मग तो म्हणाला, "हे इथं होतं?"

मला थट्टा वाटली.
पण सत्तर किलो पाठीवर असले
की मान वर होत नाही.
डोळ्यांच्या वाट्याला येतात आपलेच बूट
आणि त्यापुढचे दोन दगड.
बसलं तर उठवत नाही, म्हणून बसायचं नाही.
डावीकडून गारवा यायचा, म्हणाला, घामावर.
मी समजायचो, वारा आहे.

तो बसला. बूट काढले, मोजे काढले,
काळी पडलेली नखं पाण्यात सोडली
आणि अशी शिवी हासडली
की मी हसत सुटले.
पाव खाल्ला. कांदा खाल्ला. माझ्या वाटचाही.

उठताना सवयीनं पुढे वाकला,
अंगठे खांद्यांवर गेले,
नसलेले पट्टे सारखे करायला.

आणि परतताना तो
डुगडुगत्या दगडावर चुकला, नीट आपटला.
मान वळवून मागे बघत होता.