डोळा बाकी

वानवडी बाजाराच्या मागे, घिसाड्याच्या भट्टीला लागून
आमचं दुकान: एक कारचोब, एक पाट, साठ वॉटचा दिवा.
आप्पा सैन्याची चिन्हं भरायचे.
तोफा, तलवारी, गरुड, तीन तोंडांचे सिंह
शिट्टी वाजवत उरकायचे.
साप आला की गप्प.

डाळिंबी बनातीवर आधी काठी, दबक्याची, सरळ,
मग तिच्यावर चढणारा एकच साप,
वेढे मोजून.
एकदा कुणा नवशिक्यानं दोन सापांचा, पंखांचा नमुना आणला,
कुठल्याशा औषधाच्या खोक्यावरून उतरवलेला.
आप्पांनी परत ढकलला.
"हा दूताचा दंड. व्यापाऱ्यांचा.
निरोप पोचवतो, ताप उतरवत नाही.
वैद्याला साप एकच पुरतो."
हे त्यांना कुणी सांगितलं, ठाऊक नाही.
चौथी शिकलेले होते.

भोवतालची पानं म्हणे विजयाची.
ते झाड आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं.
आईनं नमुना चिमटीत धरून हुंगल्यासारखं केलं,
"हे तर मसालेभातातलं तमालपत्र,"
आणि तेव्हापासून आप्पा मधली शीर जरा जाड भरू लागले.
खालच्या पट्टीवर सर्वे सन्तु निरामयाः.
विसर्गाच्या दोन गाठी माझ्याकडे.
मला तेवढंच जमायचं.

शके अठराशे त्र्याण्णव, नागपंचमी.
विळी आडवी, तवा उपडा,
सुया उशीत, उशी कोनाड्यात.
वर्षभर सापाच्या अंगातून सुई काढणारा माणूस
त्या एका दिवशी हात मांडीखाली घेऊन बसे.

सायकल टेकवून कॅप्टन रूथ भांबळ आत आल्या.
युनिट रात्रीच्या गाडीनं पूर्वेला निघालेलं,
टोपीवरचा साप मानेपासून उसवलेला.
"आज नाही," आप्पा म्हणाले.
"आज चिरणं नाही, शिवणं नाही."
बाई उंबऱ्यावरच बसल्या.
"मी सकाळी दोन्ही केलं, काका.
बावीस वर्षांचा पोरगा. आतडं.
सण त्यालाही होता."

आप्पा बराच वेळ दिव्याकडे बघत राहिले.
मग नजर चुकवून माझ्याकडे उशी मागितली.
मान भरली, जबडा भरला, सुटलेली तार आत घेतली.
डोळ्याशी सुई थांबली.
"तो उद्या."
"उद्या मी इथे नाही."
"मग आल्यावर."

आल्या. पुढल्या उन्हाळ्यात, केस पिकवून.
टोपीवर कसलासा डाग, धुऊनही राहिलेला.
आप्पांनी काळा मणी काढून ठेवलेलाच होता.
"राहू द्या," म्हणाल्या.
"तंबूत दोन्हीकडची पोरं यायची.
चिखलात गणवेश कळत नसे, मी गळ्यातले बिल्ले वाचायचे.
हा काही वाचत नव्हता."
चहा घेतला, बशीतून.
पाकीट उघडलं तर आप्पांनी मान हलवली:
काम पुरं नाही.

दुकानात आता मोबाईलची कव्हरं.
साप यंत्रावर निघतात, मिनिटाला चार,
सगळे डोळस.
वही तेवढी माझ्याकडे.
त्या पंचमीच्या पानात मणी अजून आहे,
कागदाला खळगा पाडून बसलेला,
आणि शेजारी आप्पांचं तिरकं अक्षर:
भांबळबाई. साप एक. जमा काही नाही.
डोळा बाकी.