खांबावरची रेघ

बेलेनमधली घरं नदीत पाय सोडून बसतात.
पाणी चढलं की खांबावर एक रेघ,
उतरलं की तिच्याखाली दुसरी, तिसरी.
ओर्फा शुपिंगाहुआला सगळ्या पाठ आहेत:
ही भावाच्या लग्नाची,
ही कोंबड्या वाहून गेल्या त्या सालची,
ही कमरेएवढी, ती अकरा वर्षांची असताना
हाडं मोडणारा ताप आला तेव्हाची.

अठ्ठाविसाव्या वर्षी तो परत आला.
तोच, पण तो नव्हे.
चार भाऊ आहेत ते, चौघे एका नाकाचे,
एकाला ओळखलं म्हणून दुसरा ओळखू येतोच असं नाही.

हे मला तिने नाही, तिच्या रक्ताने सांगितलं.
मी इस्पितळाच्या मागच्या खोलीत बसते,
जनरेटर खोकायला लागला की
आधी फ्रीजरकडे बघते, मग दिव्याकडे.
एका मंगळवारी पहाटे नाळेतलं रक्त आलं,
दोन चमचे, कोमट.
चिठ्ठीवर: मुलगी. दोन हजार नऊशे ग्रॅम. नाव अजून नाही.

तपासलं, तर आईपेक्षा लेकीतच जास्त.
असं होतं.
वार हातचं राखत नाही.
शेवटच्या महिन्यात
दोन तापांची सगळी कमाई
पसाभर वरच घालून
पलीकडे बांधून देते.

“मग बरंच झालं मी आजारी पडले ते,” ओर्फा म्हणाली,
आणि टाके दुखतील इतकं हसली.
त्यावर माझ्याकडे एक वाक्य होतं.
मी ते नळ्यांसोबत घेऊन परत आले.

मुलीचं नाव एलिथ ठेवलं.
दुसऱ्या महिन्यात टाचेतून थेंब घेतला,
चौथ्यात दंडातून, तेव्हा तिने माझं बोट धरून ठेवलं.
शिदोरी उतरत होती,
चाळीसेक दिवसांत निम्मी,
मग निम्म्याची निम्मी,
ऑगस्टमधल्या नदीसारखी, आवाज न करता.

भरलेलं असतं तोवर ते राखतं.
पार संपलं की निदान मधे येत नाही.
मधलंच वाईट.
उरलेले चार पहारेकरी त्याला मारू शकत नाहीत,
नुसते दंडाला धरतात,
आणि पेशी दार उघडते,
आपल्याच माणसाबरोबर आलाय म्हणून.
सगळ्यांच्या बाबतीत नाही. बहुतेकांच्या नाहीच.
पण पुन्चानातला एक मुलगा होता, सात महिन्यांचा.
त्याची नळी खालच्या खणात आहे.

सहाव्या महिन्यात मी होडीने गेले आणि सांगून टाकलं.
ओर्फा मासा साफ करत होती.
खवले पाण्यात पडत राहिले.
“दिलेलं परत घेता येतं?”
नाही.
“दूध?”
पाज. दुधाचा यात दोष नाही.
“आणि माझा?”
मी नाही म्हणाले, फार लवकर म्हणाले.

तिने हात धुतले.
पिंप उपडं केलं, आतून काथ्याने घासलं,
दोनदा, जणू पिंपच खोटं बोललं होतं.
मग आपल्या खाटेची मच्छरदाणी काढून
पोरीच्या झोळीला टाचायला घेतली, भर दुपारी,
कारण हा डास दिवसाढवळ्या येतो.
शेजारीण विचारत होती, रात्री तू काय करशील?
तिने सुईत दोरा ओवला.

दहाव्या महिन्यातला अहवाल कोरा आला.
एलिथ खांब धरून उभी होती,
अकरा वर्षांच्या ओर्फाची रेघ तिच्या डोक्याच्या खूप वर.
“म्हणजे आता तिच्यात माझं काहीच उरलं नाही,” ओर्फा म्हणाली,
आणि मला पहिल्यांदाच कॉफी दिली.

नळीवरची चिठ्ठी बदलायची नसते, तसा नियम आहे.
उणे ऐंशीत, वरून दुसऱ्या खणात,
ती अजून एका दिवसाची आहे,
नाव नसलेली,
काठोकाठ.